बोहरी आळीतलं साधं मार्किंग गेज: पाचपैकी अडीच

पुण्यात बोहरी आळीतून घेतलेलं लाकडी मार्किंग गेज, म्हणजे फळीच्या कडेला समांतर रेघ आखायचं अवजार: दांडीच्या टोकाला रेघ ओढणारा खिळा, आणि दांडीवर सरकणारा ठोकळा, जो कडेला टेकवायचा. अंगावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. लाकडाच्या रेषांच्या दिशेने बरं चालतं. आडवं ओढलं की खिळा तंतू फाडतो आणि रेघ केसाळ उमटते. ड्रॉवरच्या सांध्याला ती काय कामाची? शिवाय दांडी ठोकळ्याच्या भोकात सैल. स्क्रू पिळला की ठोकळा कलतो, म्हणजे मापाचे बारा वाजले.

शेवटी उरलेल्या शिसवीचं स्वतःच केलं. चौकोनी भोक पटाशीने दोन्ही बाजूंनी कोरलं, दांडी रंध्याने पापुद्रा पापुद्रा काढत बसवली. स्क्रूऐवजी पाचर: अंगठ्याने दाबली की घट्ट, उलटीकडून टिचकी मारली की सैल. खिळ्याच्या जागी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, एकाच बाजूने धार लावलेला. धारेचा उतार ठोकळ्याकडे ठेवायचा, म्हणजे ओढताना ब्लेड बाहेर रेटलं जातं आणि ठोकळा कडेला आपोआप चिकटून राहतो. आडवी रेघही आता स्वच्छ कापली जाते, पटाशीचं टोक तिच्यात अलगद बसतं.

विकतचं टाकलं नाही, फळीची जाडी आखायला ठीक आहे. पण हाताशी पटाशी आणि रिकामा रविवार असेल तर तेच पैसे पितळी पट्टीवर घाला. ठोकळ्याच्या तोंडावर बसवली की झीज कमी होते.