साधी चेन, ओ-रिंग की एक्स-रिंग? स्पोर्ट बाइकचा चेन-सेट घरी बदलण्याआधी

दुकानात चेन-सेट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र) मागितला की दोन-तीन किंमतींचे डबे समोर येतात आणि सगळे तुमच्या गाडीला बसतात. आतल्या चेनमध्ये फरक काय, हे मात्र काउंटरवर क्वचितच कळतं. खरा फरक पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश, यांच्या मधल्या ग्रीसचा आहे. आणि घरी काम करणाऱ्याला त्याहून अवघड जागी गाठणारा प्रश्न म्हणजे चेन जोडायची कशी.

आधी नंबर नीट वाचा. केटीएमच्या आरसी ३९० आणि ड्यूक ३९० ला ५२० ची चेन लागते, यामाहाच्या आर१५ ला ४२८ ची. पहिला आकडा पिचचा, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधल्या अंतराचा: ५ म्हणजे ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी, ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. ४२८ आणि ५२० एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण स्प्रॉकेटचे दातेच वेगळ्या अंतरावर असतात.

चेन लांबते म्हणजे प्लेट ताणली जाते, हा गैरसमज आहे. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका सांध्यात केसाएवढी पोकळी पडते, आणि चेनला असे शंभराच्या वर सांधे असतात. म्हणून चेन निवडताना विचारायचं एवढंच, की त्या सांध्यात वंगण टिकवतं कोण: तुम्ही की पिनभोवतीची रबराची रिंग, म्हणजे सील?

साध्या चेनमध्ये ते काम पूर्णपणे तुमचं. ती हलकी फिरते, स्वस्त पडते, धुवायला सोपी असते. पण कोकणातल्या लाल चिखलातून किंवा ताम्हिणीच्या पावसातून एक दिवस काढला की ऑइल धुऊन जातं आणि चिखलातली बारीक कच बुशमध्ये शिरते. त्यानंतर ती चेन स्वतःलाच कानशीसारखी खाते. १५०-१६० सीसीची गाडी, रोजचं शहरातलं जाणं-येणं आणि दर आठवड्याला ऑइल घालण्याची खरीखुरी सवय असेल, तर साधी चेन घ्यायला हरकत नाही.

‘ब्रास किट’ या नावाखाली पिवळी चेन दिली जाते तेव्हा जरा थांबा. पिवळा रंग म्हणजे सील नव्हे. चेन हातात घेऊन आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारा. सीलबंद चेनमध्ये तिथे रबराची काळी किंवा रंगीत रेघ प्रत्येक पिनभोवती स्पष्ट दिसते. रेघ नसेल तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ती साधी चेनच.

ओ-रिंग चेनमध्ये कारखान्यातच ग्रीस आत भरून रिंगने कोंडलेलं असतं. एक्स-रिंगमध्येही तेच, फक्त रिंगचा छेद गोल नसून चार ओठांचा असतो. गोल रिंग दोन प्लेटांमध्ये चेपली जाते. चार ओठांची रिंग चेपण्याऐवजी थोडी पिळते, त्यामुळे घर्षण कमी होतं, आणि ओठांच्या मधल्या खाचांत थोडं वंगण साठून राहतं. आयुष्य आणि हलकेपणा दोन्हींत एक्स-रिंग सरस. २०० सीसीच्या पुढे आमचा कौल सीलबंद चेनलाच आहे, आणि दोहोंच्या किमतीत थोडाच फरक असेल तर एक्स-रिंगला. ३९० ला कंपनीच एक्स-रिंग देते. तिथे साधी चेन बसवणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं.

पण सीलबंद चेनही निष्काळजी माणसाकडे लवकर वाया जाते. पेट्रोलने रबर फुगतं आणि मग कडक होतं. तारेचा ब्रश रिंग कापतो. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची धार बाजूने मारली की पाणी रिंगच्या आत घुसतं. रॉकेल किंवा ओ-रिंगला चालेल असं लिहिलेला क्लीनर, नायलॉनचा मऊ ब्रश आणि शेवटी कोरडं फडकं, एवढंच वापरा. रिंग गेलेली लिंक ओळखता येते: पिनच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसते आणि चाक हाताने फिरवल्यावर ती लिंक स्प्रॉकेटवरून सुटतानाही वाकडीच राहते. अशा चार लिंक दिसल्या की चेन संपली. वरून कितीही ऑइल ओता, ते आतल्या पिनपर्यंत पोचत नाही.

मग सीलबंद चेनला वरून वंगण लावायचं कशाला? रोलर आणि दाते यांच्यासाठी, प्लेटांना गंज येऊ नये म्हणून आणि रिंग सुकू नये म्हणून. ९० नंबरचं गिअर ऑइल स्वस्त आणि चांगलं, पण रिमवर उडतं. स्प्रे चिकटून राहतो, पण धूळ पकडतो. दर ५०० किमीला आणि भर पावसातून आल्यावर लगेच, आतल्या बाजूने, चेन कोमट असताना लावा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेनला फडकं धरू नका. फडकं ओढलं गेलं की त्यामागे बोटंही स्प्रॉकेटमध्ये जातात.

आता जोडणी. चेनची दोन टोकं जोडणारी लिंक, म्हणजे लॉक, दोन प्रकारचं: क्लिपने अडकणारं आणि पिनचं तोंड फुलवून पक्कं होणारं रिव्हेट. क्लिप लॉकला पक्कड पुरते. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर कशाला तरी घासून निघून जाते. ४२८ च्या छोट्या गाडीला क्लिप ठीक. ३०० सीसीच्या पुढे रिव्हेट लॉकच घ्या, कारण तुटलेली चेन इंजिनचं कव्हर फोडू शकते किंवा मागचं चाक जाम करू शकते.

रिव्हेट लॉकला चेन-टूल, म्हणजे पिन ढकलायचं आणि फुलवायचं अवजार लागतं. पाकिटात चार रिंग आणि ग्रीस येतं. पिनना ग्रीस लावा, दोन रिंग घाला, लिंक आतून बाहेर सरकवा, उरलेल्या दोन रिंग घाला आणि मग बाहेरची प्लेट दाबा. बाहेरच्या दोन रिंग विसरणं ही नेहमीची चूक. दाबताना व्हर्नियरने शेजारच्या लिंकची रुंदी मोजा आणि तेवढीच रुंदी येताच थांबा. जास्त दाबली तर रिंग चिरडते आणि सांधा कायमचा ताठ होतो, कमी दाबली तर रिव्हेटला पुरेशी पिन बाहेर येत नाही. शेवटी पिनचं तोंड फुलवून पाकिटावर दिलेला व्यास येतो का ते बघा. हातोडा आणि ऐरण वापरून हे काम होतं, पण सारखं होत नाही. एका गाडीसाठी टूल विकत घ्यायचं नसेल, तर बाकी सगळं घरी करा आणि फक्त रिव्हेट मारून घ्यायला टूल असलेल्या मेकॅनिककडे जा. असं केलं तरी काम तुमचंच आहे.

जुनी चेन काढण्याआधी पुढच्या स्प्रॉकेटचा नट किंवा बोल्ट ढिला करा. एकाने मागचा ब्रेक दाबून धरायचा, चेन स्प्रॉकेटवर असतानाच पाना लावायचा. चेन आधी काढली की शाफ्ट फिरत राहतो आणि नट हलत नाही. त्यानंतरच पिनचं डोकं ग्राइंडरने सपाट करून चेन-टूलने पिन ढकला. नवी चेन कापायची असल्यास जुनीच्या लिंक मोजून, तेवढ्याच सम संख्येवर कापा. चाक निघालेलंच असेल, तर हबमधली रबरं दाबून बघा. ती सैल असतील तर नव्या चेनलाही झटके बसत राहतील.

दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदम बदलायची की नुसती चेन? एकदम. झिजलेला दाता नव्या चेनचा रोलर नीट बसू देत नाही. दातांची संख्या बदलण्याचा मोह असेल तर हिशोब आधी करा. ३९० चं १५/४५ (पुढे १५ दाते, मागे ४५) म्हणजे गुणोत्तर ३.००. पुढे १४ केले की ३.२१, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये इंजिन ७ टक्के जास्त फिरतं. घाटात ओढ चांगली मिळते, सपाट हायवेवर गुणगुण वाढते. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, तेवढी झीजही वाढते. ज्या गाडीत वेग गिअरबॉक्सवरून मोजला जातो तिथे मीटरही तेवढाच जास्त दाखवेल.

बदलायची वेळ आली का, हे पट्टीने ठरवा. ५२० मध्ये २० पिचचं अंतर नवं असताना ३१७.५ मिमी, ३२०.७ झालं की एक टक्का लांबली, सीलबंद चेन काढायची. ४२८ ला तेच २५४ आणि २५६.५ मिमी. केटीएमच्या मॅन्युअलमध्ये चेन १० ते १५ किलो वजनाने ताणून १८ रोलरचं अंतर जास्तीत जास्त २७२ मिमी दिलं आहे. चार-पाच ठिकाणी मोजा, चेन सगळीकडे सारखी लांबत नाही, आणि सर्वांत मोठा आकडा धरा. ढिलेपणाही तसाच सर्वांत ताणलेल्या जागेवर मोजून, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे ठेवा. घट्ट चेन स्वार बसल्यावर आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, म्हणून शंका आली तर दोन मिमी ढिलीच ठेवा.