पॉलिहाऊसच्या परवानग्यांसाठी घेतलेला सल्ला: माझा अनुभव

वसई पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराखाली आमची सासरची जमीन आहे. तिथे दहा गुंठ्यांवर २०१९ पासून जरबेऱ्याचं पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाने झाकलेला मांडव, आहे. मी बोरिवलीला राहते, शेतावर धाकटे दीर असतात, फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलमंडईत जातात. गेल्या वर्षी आणखी वीस गुंठे मांडव वाढवायचं ठरलं. कर्जाची फाइल बँकेत दिली तर अधिकाऱ्यांनी वर पेन्सिलने लिहून दिलं, "पर्यावरण परवानगी जोडा." कोणती, कोणाची, ते त्यांनाही सांगता येईना.

आधी एका एजंटकडे गेलो. त्याने एक लाख पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन दिलं, पंधरा कागदांची यादी दिली आणि चाळीस हजार आगाऊ घेतले. यादीत पर्यावरण मंजुरी होती, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र होतं, भूजलाचं ना-हरकत होतं, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी होती. दोन महिने "साहेब रजेवर आहेत" एवढंच ऐकलं. मग तो एकदा शेतावर आला. नवीन जागेत मध्येच ऐनाची दोन मोठी झाडं आहेत, त्यांच्याकडे बघून म्हणाला, "ही रात्रीत पाडून टाका, सकाळी कोण विचारतंय?" दीर काही बोलले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, हा माणूस नको." पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

मंडईतल्या एका गाळेवाल्यांनी पर्यावरण परवानग्यांचा सल्ला देणाऱ्या एका मॅडमचं नाव सुचवलं. दादर पश्चिमेला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. दोनच माणसं काम बघतात, फोन आवरत नाहीत. पहिल्या भेटीचे साडेतीन हजार. त्या भेटीत त्यांनी एजंटची यादी पुढ्यात घेतली आणि एकेका ओळीवर काट मारत गेल्या. प्रत्येक वेळी का ते सांगितलं, आणि मूळ कागद काढून दाखवला. मला त्यांची ही पद्धत सगळ्यात जास्त आवडली.

पर्यावरण मंजुरी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली लागते, तिच्या परिशिष्टात शेती नाही. बांधकाम प्रकल्प येतात तेही वीस हजार चौरस मीटरच्या पुढचे, आणि आमचा जुना-नवा मिळून सगळा मांडव तीन हजारांच्या आसपास. प्रदूषण मंडळाची लाल, नारंगी, हिरवी अशी रंगांची वर्गवारी उद्योगांसाठी आहे, वाफ्यात पीक घेणं हा उद्योग धरला जात नाही. भूजलाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना २४ सप्टेंबर २०२० च्या आहेत, त्यात शेतीला ना-हरकतीतून सूट दिली आहे. एनएबद्दल म्हणाल्या, मांडवाखाली फुलंच काढणार असाल तर ती शेती. उद्या रस्त्याच्या कडेला विक्रीचं दुकान किंवा मोठं पॅकहाऊस बांधलंत तर मात्र आधी मला विचारा. तुंगारेश्वर अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राच्या नकाशावर त्यांनी आमचा गट नंबर स्वतः लावून बघितला. आम्ही हद्दीबाहेर आहोत.

मग त्यांनी विचारलं, "नवीन जागेवर झाडं आहेत का?" मी ऐनाचं सांगितलं. त्या एकदम सरळ बसल्या. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, ऐन त्याच्या अनुसूचीत येतो. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. पंधरा कागदांत नेमका हाच नव्हता, आणि आम्हाला खरोखर लागणार होता तो एवढाच. एजंटचं ऐकून झाडं पाडली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

शेतावरच्या भेटीचे नऊ हजार वेगळे. माझ्या मते हेच पैसे सगळ्यात सत्कारणी लागले. मॅडमनी मांडवाभोवती दोन फेऱ्या मारल्या, ऐनाखाली उभ्या राहिल्या आणि मांडव उभारणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन लावून मांडवाचा आठ मीटरचा एक गाळा कमी करायला सांगितलं. झाडं राहिली, तोडीच्या परवानगीचा प्रश्नच मिटला. थोडी लागवड कमी होणार, पण दिरांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी बघितलं आहे. ती झाडं त्यांच्या आजोबांच्या वेळची आहेत.

त्यानंतर त्यांनी जे विचारलं त्याची मला अपेक्षाच नव्हती. "वाफ्यांखालच्या पाइपाचं पाणी कुठे जातं?" जायचं ते नाल्यात. ए आणि बी अशा दोन टाक्यांत विरघळवलेलं खत ड्रिपने रोज सोडतो, त्यातलं जे झाडाने घेतलं नाही ते पाइपातून बाहेर. नाल्याला लागूनच विहीर आहे, तिचं पाणी आम्ही पितो आणि शेजारच्या काकूंचं घरही पितं. मॅडमनी विहिरीचं पाणी लॅबला पाठवायला लावलं. लिटरला ५८ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे खतातला नत्राचा अंश, निघालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. काकूंच्या सुनेला तेव्हा तीन महिन्यांचं बाळ होतं आणि त्याच पाण्यात त्याचं दूध कालवलं जायचं. मी त्याच दिवशी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं आणि बाहेरचं पाणी सुरू करून दिलं. सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. संमतीपत्र लागत नाही याचा अर्थ कायदा लागत नाही असा नव्हे. १९७४ च्या पाणी कायद्याचं कलम २४ कारखान्यालाही लागू आहे आणि शेतकऱ्यालाही, नाल्यात किंवा विहिरीत घाण जाऊ देता येत नाही. आता तळाचं पाणी एका टाकीत जमा होतं आणि केळी-नारळाला जातं. खताचं प्रमाणही ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बघून कमी केलं.

छपरावरून पन्हाळीत येणाऱ्या पावसाच्या पाण्याचंही तसंच. आमच्याकडे पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे वीस गुंठ्यांच्या छपरावरून चाळीस लाख लिटर. ते सगळं शेजाऱ्याच्या भातात उतरलं असतं तर बांधही राहिला नसता आणि शेजारही. ते आता शेततळ्यात घेतलं आहे. जुना प्लास्टिक कागद बदलला की जाळायचा नाही, हेही त्यांनी दिरांकडून वदवून घेतलं. पूर्वी आम्ही जाळायचो.

तक्रारीही आहेत. संध्याकाळी पाचच्या आधी त्या फोन उचलत नाहीत. बँकेसाठीचं लेखी मत, ज्याचे पंधरा हजार होते, ठरल्यापेक्षा एकोणीस दिवस उशिरा आलं. त्यामुळे बँकेकडून मिळायचा कर्जाचा हप्ता लांबला, लागवड लांबली आणि लग्नसराईची पहिली तोडणी हुकली. हे नुकसान त्यांच्या सगळ्या फीपेक्षा मोठं आहे, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी चूक मान्य केली, पण फी कमी केली नाही. लॅबचे अठराशेही आमच्याकडूनच गेले.

मत मात्र नीट होतं. चार पानं, प्रत्येक मुद्द्याखाली कायदा आणि तारीख. बँकेने एकही प्रश्न न विचारता फाइल पुढे सरकवली. वसई-पालघरकडे मांडव घालणाऱ्या कोणालाही मी त्यांच्याकडे पाठवीन, फक्त तारीख ठरवताना एक महिना हातचा ठेवा.

पावसानंतर विहिरीत नायट्रेट ४१ आलं. मी आनंदाने फोन केला, तर त्या म्हणाल्या, हे पावसाने पातळ झालेलं आहे, मे महिन्यात पाणी खोल गेल्यावर पुन्हा तपासा. तोवर काकूंकडे बाहेरचंच पाणी चालू ठेवलं आहे.