बदकांच्या शिट्ट्या: लाकूड, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट (आठ महिन्यांचा अनुभव)

परवा बदकाचा आवाज काढणारी माझी ॲक्रिलिकची शिट्टी तडकली, म्हणून लिहायला बसलो. पडली नाही, आपटली नाही. फक्त सॅनिटायझरने पुसली. सकाळी बघतो तर आतला तुकडा (ज्यावर आवाज काढणारी पट्टी असते) जिथे घट्ट बसतो तिथे केसासारख्या चिरा. ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही, ताण असलेल्या जागी ते चिरतं. डबीवर एवढी एक ओळ छापायला काय जात होतं? विकणाऱ्याने 'वापरताना चूक झाली' म्हणून हात वर केले. साडेआठ हजार गेले.

अशा शिट्ट्या शिकाऱ्यांच्या असल्या तरी इथे शिकारीचा विषय नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ती बंदच आहे, आणि हिप्परग्याच्या तलावाकडे गेलो तर शिट्टी घरीच ठेवतो, पाहुण्या पाखरांना त्रास नको. माझ्या शेततळ्यावर खाकी कॅम्पबेल जातीची १८ पाळीव बदकं आहेत. दाणा टाकताना रोज वाजवली, आता आवाज ऐकला की सगळी काठावर येतात. तिन्ही शिट्ट्या मेव्हण्याने अमेरिकेतून आणल्या. तिकडे शिकारी वापरतात त्याच.

रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) तिन्हींत मायलर प्लास्टिकचीच, तरी आवाज वेगळा. ॲक्रिलिक खणखणीत, वारा असला तरी तळ्यापलीकडे पोचतो. लाकडाचा मऊ, थोडा घोगरा, मादीच्या आवाजाच्या सगळ्यात जवळचा (मोठा क्वॅक मादीच करते, नराचा आवाज बसलेला असतो). म्हणून सुरुवातीला मी लाकडाच्याच बाजूने होतो.

मग एप्रिल आला. सोलापूरचं ऊन! लाकडी शिट्टीत आतला तुकडा घट्ट धरणारं बूच वाळून आकसलं आणि फुंकताना तो तुकडा सुटून थेट तळ्यात. गुडघाभर चिखलात उतरून शोधला. बुचाला मेण लावलं, चार दिवस टिकलं. शेवटी नळाची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली, तेव्हा कुठे बसलं. पावसाळ्यात उलटं, बूच फुगलं आणि तुकडा पकडीने ओढून काढावा लागला. एवढ्याशा बुचाने मला लाकूड नकोसं केलं.

पॉलिकार्बोनेटची पंधराशेची. दिसायला खेळण्यासारखी, म्हणून सहा महिने खोक्यातच होती. बुचाऐवजी रबरी रिंग आहे. जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली, एकदा सुटली नाही की अडकली नाही. आवाज जरा पातळ, पण बदकं येतात. काल १८ च्या १८ आली.