ब्लू व्हेल + कांगारू सेट, घ्यावा का?

प्लास्टिकचे दोन प्राणी, एक ब्लू व्हेल, एक रेड कांगारू मादी आणि सोबत तुलनेचं एक मोठं कार्ड, एवढाच सेट आहे. आधी वाटलं ही काय जोडी लावलीय, पण दोघी सस्तन, दोघी पिल्लाला दूध पाजणाऱ्या आणि पिल्लू वाढवायची तऱ्हा एकदम उलटी, म्हणजे जोडी भारीच निवडलीय.

कांगारू एक नंबर. मागच्या पायाची दोन बारीक बोटं एकमेकांना चिकटलेली आणि टोकाला वेगवेगळी नखं, ज्यांनी ती अंग विंचरते, हेसुद्धा दाखवलंय! पिशवी रबरी, बोट आत जातं, आत गुलाबी पिल्लू.

व्हेलमध्ये मात्र घोळ. डोक्यावर नाकाची दोन भोकं बरोबर आहेत, गळ्याच्या घड्या मस्त, पण शेपूट माशासारखी उभी बसवलीय. अरे, व्हेलची शेपूट आडवी असते, ती वर-खाली मारते, कारण तिचे पूर्वज जमिनीवरचे आणि त्यांचा कणा वर-खाली वाकणारा, तीच सवय पाण्यात गेली. हीच गोष्ट चुकवायची म्हणजे काय बोलायचं!

कार्डावर वजन, लांबी, वेग ठळक आकड्यांत आणि जिंकणाऱ्याला स्टार, आता वजनात कोण जिंकणार हे सांगायला कार्ड कशाला हवं? खरी मजा तळाशी बारीक अक्षरात आहे. व्हेलचं पिल्लू वर्षभराच्या आसपास पोटात राहतं आणि जन्मतःच साधारण 7 मीटर, 2 टनांहून जड. कांगारूचं 33 दिवसांत बाहेर, राजम्याच्या दाण्याएवढं, वजन 1 ग्रॅमच्या आत, आंधळं, आणि तसंच आईचे केस धरत धरत आपलं आपण पिशवीत चढतं, तिथं 8 महिने मुक्काम. व्हेलचं दूध 7 महिन्यांच्या आसपास सुटतं, याचं वर्षभर चालतं, वर पिशवीत दुसरं धाकटं आलेलं असेल तर एकच आई दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या प्रकारचं दूध पाजते! मोठ्या अक्षरात हे छापायचं ना.

प्लास्टिक दणकट, साबणाने घासलं तरी रंग टिकला. लहान मूल असेल तर पिशवीतलं बारकं पिल्लू आधी काढून ठेवा, तोंडात जाईल. 5 पैकी साडेतीन, शेपटीचा एक पूर्ण स्टार कापला.