अटारी २६००वरचा ‘हॅलोविन’: सुरीच्या मागे धावू नका, मुलं उचला

विझार्ड व्हिडिओने १९८३ साली अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी, ‘हॅलोविन’ या भयपटावरून काढलेला हा गेम अमेरिकेतल्या बऱ्याच दुकानांनी ठेवलाच नाही. काहींनी काउंटरमागे ठेवला आणि मागेल त्यालाच दिला. मारेकऱ्याने गाठलं की बेबीसिटरचं, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या मुलीचं, डोकं गायब होतं आणि मानेतून रक्ताची चिळकांडी उडत असताना ती तशीच पळत राहते, एवढंच त्याचं कारण. आज नाव निघतं ते याच दृश्यामुळे, आणि हा गेमवर अन्याय आहे. खेळ म्हणून तो खरोखर चांगला बांधलेला आहे.

दोन मजली घर, १६ खोल्या. तुम्ही बेबीसिटर. मुलं शोधायची आणि घराच्या दोन्ही टोकांच्या सुरक्षित खोल्यांपर्यंत पोहोचवायची. मधेच कुठेतरी सुरी सापडते, तिने मारेकऱ्यावर वारही करता येतो. वर दिसणारे तीन भोपळे म्हणजे तीन जीव.

गुणांचं गणित नीट बघा. एक मूल वाचवलं की ६७५ गुण, एक वार बसला की ३२५. पुढची पातळी गाठायला पाच मुलं वाचवा, नाहीतर दोन वार करा. म्हणजे मुलांच्या वाटेने गेलात तर पातळीमागे ३३७५ गुण, सुरीच्या वाटेने फक्त ६५०. शिवाय दर पातळीला मारेकऱ्याचा वेग वाढतो. नवा खेळाडू इथेच फसतो: सुरी दिसली की धावतो, झटपट वर चढतो आणि हाती फारसे गुण नसताना वेगवान मारेकऱ्यापुढे उभा राहतो. सुरी वाट मोकळी करायला वापरा. एक वार झाला असेल तर दुसरा शक्यतो टाळा आणि पाच मुलं पुरी करा.

खरी कमाल आवाजाची आहे. एरवी घर शांत असतं. मारेकरी पडद्यावर आला की १९७८च्या चित्रपटातली, दिग्दर्शक जॉन कारपेंटरने स्वतः बांधलेली पाच मात्रांची धून सुरू होते. अटारीच्या चिपला आवाज दोनच, आणि प्रत्येकाला सुराच्या पायऱ्या ३२, त्यामुळे सूर पक्का लागत नाही. पण त्या किंचित बेसुरेपणानेच अंगावर काटा येतो. त्यात काही वेळा दिवे लुकलुकतात आणि खोली काळी होते. लुकलुकत्या प्रकाशाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र लांबच राहावं. हे सगळं चार किलोबाइटमध्ये बसवलंय!

आता पुण्यात खेळायचं कसं? मूळ अमेरिकी यंत्र मिळालं तर त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, जळेल. तापकीर गल्लीतून ९ व्होल्ट डीसी, किमान ५०० मिलिअँपिअरचा अडॅप्टर घ्या. पिन ३.५ मिमीची हवी, हेडफोनच्या पिनेसारखी दिसते ती, आणि टोक पॉझिटिव्ह. उलटं लावलंत तर आतला ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, जाऊ शकतो. अँटेनाच्या वाटेने जोडलंत तर चित्र लागलं तरी आवाज बहुधा येत नाही, कारण अमेरिकी पद्धतीत ध्वनी चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपल्या टीव्हीला तो ५.५वर हवा असतो. त्यापेक्षा एक २एन३९०४ ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर लावून एव्ही आउटपुट, म्हणजे चित्र आणि आवाज थेट टीव्हीला देणाऱ्या वायरी, काढून घ्या. टीव्हीचा एव्ही इनपुट एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचं चित्र, घेतो ना, तेवढं आधी बघा.

पावसाळ्यानंतर काट्रिजच्या, म्हणजे गेमच्या डबीच्या, कडेचे २४ संपर्क हमखास काळवंडतात आणि मग पडदा कोरा राहतो किंवा नुसत्या पट्ट्या दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या. सँडपेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो.

जुन्या बाजारात किंवा कुणाकडून काट्रिज घेताना लेबलवर विसंबू नका. कंपनीकडे तेव्हा पैसे संपत आले होते. अनेक प्रती पांढऱ्या पट्टीवर मार्करने ‘हॅलोविन’ लिहून विकल्या गेल्या, आणि अशी पट्टी आज कुणीही चिकटवू शकतो. पैसे देण्याआधी काट्रिज उघडून बोर्ड बघा. आत काचेची खिडकी असलेली इप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप, दिसली तर ती नवी नक्कल असण्याची शक्यता मोठी. फक्त खेळायचंच असेल तर संग्राहकांची किंमत मोजू नका. लॅपटॉपवर स्टेला हा मोफत एम्युलेटर, म्हणजे अटारीची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पुरेसा आहे: एफ२ने गेम सुरू होतो, बाणांच्या कळांनी चालायचं, स्पेसबार म्हणजे जॉयस्टिकचं लाल बटण. हेडफोन मात्र लावाच.