36 जोड चपला, 82,800 रुपये आणि पोलीस ठाण्याच्या नऊ फेऱ्या

पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. दुकानात क्यूआरची पाटी लावून पाच वर्षं झाली, गिऱ्हाईक स्कॅन करतंय, मी नुसता आवाज ऐकतोय. तरीपण फसलो. हसायचं असेल तर हसा, घरात हसून झालंय सगळ्यांचं.

आमचं महाद्वार रोडच्या बाजूला कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि गाजावाजा झाला, तेव्हापासून बाहेरगावचे फोन वाढलेत, म्हणून संशय आला नाही. मार्चमध्ये फोन आला, मी आर्मीतनं बोलतोय, युनिटच्या कार्यक्रमाला 36 जोड पाहिजेत. 1,150 प्रमाणे 41,400. भाव एक रुपयानं पाडला नाही त्यानं, खरंतर तिथंच कळायला पाहिजे होतं, कोल्हापुरात येऊन चपलेचा भाव न पाडणारा माणूस बघितलाय का कुणी? कँटीन कार्डाचा फोटो, युनिफॉर्ममधला डीपी, सगळं तेच नेहमीचं.

निम्मा अॅडव्हान्स देतो म्हणाला, पण आमच्याकडं पेमेंट उलटं चालतंय, मी क्यूआर पाठवतो तुम्ही स्कॅन करा. आधी पाच रुपये. पाच गेले, लगेच दहा आले. मग 20,700. हाताला सोल्यूशन लागलेलं, अंगठा स्क्रीनला चिकटत होता, म्हणून पिन दोनदा टाकायला लागला. शेजारी बायको चपलेच्या चामड्याची वेणी घालत बसलेली, ती म्हणाली, "अहो, पैसे आपल्याला यायचेत न्हवं, मग पिन कशाला?" मी म्हटलं, तू गप बस, फोनवर साहेब आहेत. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

पैसे कट झाले. सर्व्हरचा प्रॉब्लेम म्हणाला, परत स्कॅन करा, दोन्ही एकदम येतील. परत 20,700 गेले. मग 41,400 रिटर्न मारतो म्हणून तिसरा कोड. गेलेले पैसे परत आणायच्या नादात माणसाची अक्कल चालत नाही, दुकानात बसून मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी एकदा त्या दहा मिनिटांत बसून बघावं. एकूण 82,800. चोराचे पाच रुपये मात्र माझ्याकडं जास्त राहिलेत.

पहिली चूक म्हणजे बँकेत पळत गेलो. तिथं 1 तास 40 मिनिटं गेली. तुम्ही ते करू नका, आधी 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, एंगेज लागला तरी लावत राहा. माझे 14,300 कुठल्यातरी खात्यात होल्ड झाले, बाकीचे तोवर पुढं गेलेले.

आणि मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, मग चोरी कसली? दुसऱ्यांदा, सायबरला जावा. सायबरवाले म्हणाले, ठाण्यात जावा. मग स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही. मग साहेब ज्योतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला. मग खातं परराज्यातलं, आपली हद्द नाही. अहो, 1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, 173 कलमात हद्द कुठलीही असो खबर घ्यायची असं लिहिलंय, नाही घेतली तर एसपींना लेखी पाठवता येतं. हे मी बोललो तर हवालदार म्हणाले, "वकील हाय काय तुम्ही?" तोंडी काही सांगत बसू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्याच. माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांची पोहोच नाही, म्हणजे कागदावर मी गेलोच नव्हतो.

शेवटी कलेक्टर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या लोकशाही दिनाला अर्ज केला. तो फिरत फिरत त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर आला. लिफाफा त्याच हवालदारांनी फोडला माझ्यासमोर.

चौथ्या महिन्यात एफआयआर झाला. होल्डवरचे 14,300 सोडवायला वकील 5,000 मागतोय. स्क्रीनशॉट डिलीट करू नका, कोर्टात लागतात.

परवा तोच नंबर बघितला, अजून चालू. डीपीवर आता जवान नाही, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला डॉक्टर. लगेच ठाण्यात जाऊन दाखवला.

म्हणाले, "नवीन अर्ज द्या."