स्टिअरिंगचा आवाज: तेल बदलायचं, पंपाला किट टाकायचं की पंपच नवा घ्यायचा?

कापूस वेचणी सुरू झाली की गाडीला एक दिवस उसंत नसते, आणि नेमकं तेव्हाच वळणावर स्टिअरिंग 'घूंऽऽ' करायला लागतं. तालुक्याला दोन-तीन मिस्त्र्यांना विचारलं की तीन उत्तरं मिळतात: तेल बदला, पंपाला किट (आतली नवी रबरी सीलं) टाका, नाहीतर नवा पंप बसवा. तेलाचं काम शेकड्यांत होतं, किटमध्ये सामानापेक्षा मजुरी जास्त लागते आणि पंप हजारांत जातो. म्हणून पैसे मोजण्याआधी अर्धा तास स्वतः गाडीपाशी द्या.

आधी बोनेट उघडून स्टिअरिंग तेलाची डबी शोधा. वॅगनआर, अल्टोसारख्या छोट्या गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, तिथे तेल नाही की पंप नाही. त्यात कटकट येत असेल तर स्टिअरिंगच्या दांडीचे जॉइंट पाहायला सांगा.

तेलावरच्या स्टिअरिंगमध्ये गाडी सुरू करताच किंवा पूर्ण वळवताना चिरका, किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा. पट्टा ताणून किंवा बदलून काम भागतं. स्टिअरिंग टोकाला नेल्यावर क्षणभर येणारी सूंऽ मात्र बिघाड नाही. तिथे जास्तीचा दाब व्हॉल्व्हमधून सुटतो. फक्त तसं 5 सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तेल तापतं.

वळवताना घुमणारा, रेस दिली की वाढणारा आवाज बहुतेकदा हवेचा असतो. दोन वर्षांआधी आमच्या गाडीला हाच आवाज होता आणि पंप बदलायचं ठरलंही होतं. डबीचं झाकण उघडलं तर लाल तेल गुलाबी, फेसाळ झालेलं, दुधात गुलाबाचं सरबत घातल्यासारखं. खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही. डबीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप उन्हाळ्यांनी कडक होऊन क्लिपपाशी तडकला होता. त्या पाइपातून पंप तेल ओढतो, त्यामुळे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वीतभर तेलाचा पाइप आणि दोन नव्या क्लिपा, एवढ्यात आवाज गेला. तिथे पाण्याचा पाइप लावू देऊ नका, तेलाने तो फुगतो.

तेल काळं, जळक्या वासाचं असेल तर पूर्ण बदला. नुसती वरून भर घालणं मला पटत नाही. तेल कोणतं, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात पाहा. लाल आणि हिरवं एकत्र करू नका. मग पुढची चाकं उचलून, गाडी घोडीवर टेकवून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत 15-20 वेळा सावकाश फिरवा आणि डबीत तेल कमी पडू देऊ नका. बुडबुडे थांबले की हवा निघाली.

किट की पंप, हा प्रश्न एवढं झाल्यावर. पंपाच्या शाफ्टपाशी तेल गळतं, पण तेल भरल्यावर आवाज जातो, तर किट पुरेसं आहे. पंप खोलल्यावर शाफ्टवरून नख फिरवून पाहा. नख अडकलं, तर नवं सीलही लवकरच गळेल. डबीतलं तेल बोटांत चोळल्यावर धातूच्या चुऱ्याची चमक दिसली, तर पंपाच्या आतल्या पात्या आणि कडं झिजताहेत. डिसेंबरच्या पहाटे आवाज येऊन गाडी तापल्यावर जात असेल तर थंड तेल जड असतं किंवा डबीतली जाळी चोंदलेली असते. उलट मे महिन्याच्या दुपारी, 45 अंशात, इंजिन स्लो असताना स्टिअरिंग जड होत असेल आणि पट्टा ठीक असेल, तर पंप थकला. गरम पातळ तेलावर त्याचा दाब बनत नाही. अशा पंपाला किट टाकणं म्हणजे पैसे वाया.

नागपूरहून जुना पंप आणायचा सल्लाही मिळेल. मी आणणार नाही. तो आतून किती झिजला ते बाहेरून कळत नाही. नवा पंप घ्या, पण आधी सगळं जुनं तेल काढून डबी आणि जाळी धुऊन घ्या, नाहीतर जुना चुरा नव्या पंपालाही खाईल.

यातलं बरंचसं वेचणी संपेपर्यंत थांबवता येतं. पण पंपातून निघणारा जाड दाबाचा पाइप फुगलेला किंवा ओला दिसला, तर त्याच दिवशी बदला. तो फुटला तर तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर उडून आग लागू शकते, आणि भरल्या गाडीचं स्टिअरिंग चालत्यात एकदम जड होतं.